कोड मोकळाच राहो, पण राबणाऱ्याची वेठ मोडा

जांब समर्थ म्हटले की बाहेरच्या माणसाला समर्थ रामदासांचे जन्मगाव आठवते. घनसावंगी तालुक्यातल्या या गावाची तेवढीच ओळख लोकांना ठाऊक आहे. आमचे या गावाशी नाते वेगळे आहे. इथल्या बौद्ध वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी आम्ही अभ्यासवर्ग घेतो. गेल्या महिन्यात या वर्गात जोरदार भांडण झाले. त्या भांडणातून हा लेख निघाला आहे.

वर्गात एक मुलगा येतो. बीसीए झालेला. दिवसा तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसतो. रात्री घरी आला की जुना लॅपटॉप उघडतो. त्याने एक छोटे सॉफ्टवेअर लिहिले आहे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये बदलून देते. हे काम किती मोलाचे आहे ते कार्यकर्त्यांना सांगायला नको. वीस-पंचवीस वर्षांच्या स्मरणिका, जयंती विशेषांक, परिषदांचे ठराव, पत्रके आपण ज्या फॉन्टमध्ये टाइप केली, ते फॉन्ट आज दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. फाइल उघडली की नुसता अक्षरांचा कचरा दिसतो. चळवळीचा लिखित इतिहास सीडीमध्ये पडून आहे आणि वाचता येत नाही. या पोराने तो वाचता येईल असा केला. वर ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स ठेवले. म्हणजे कोणीही घ्यावे, वापरावे, आतला कोड बघावा, बदलावा, पुढे द्यावा.

लोकांनी घेतले. डीटीपीवाल्यांनी घेतले, प्रकाशकांनी घेतले, क्लासवाल्यांनी घेतले. आणि मग रात्री अकराला त्याच्या मोबाइलवर मेसेज सुरू झाले. "भाऊ, जोडाक्षर फुटतंय, उद्या सकाळी छपाई आहे, लगेच बघ." "अजून झालं नाही का?" तुझा रिचार्ज कोण भरतो, असे एकानेही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. आमच्या मागच्या १४ एप्रिलच्या स्मरणिकेचा निम्मा मजकूर त्याच्याच सॉफ्टवेअरमधून निघाला. शेवटच्या पानावर आम्ही त्याचे आभार मानले आणि त्यातही त्याचे आडनाव चुकवले.

त्या रविवारी तो म्हणाला, "दादा, आता कुलूप लावतो. परवाना बदलतो. धंद्याला वापरायचं असेल तर आधी पैसे टाका, नाहीतर बंद."

निम्मा वर्ग म्हणाला, बरोबर आहे. निम्मा म्हणाला, ही चळवळीशी गद्दारी आहे. आमचे म्हणणे असे की दोन्ही बाजू चुकल्या. गद्दारी म्हणणारे जास्त चुकले.

वेठ कशाला म्हणतात?

गद्दारी म्हणणाऱ्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. चोवीस तास हाक मारली की हजर राहायचे, काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, पगार ठरलेला नाही, आणि मोबदला काय तर गावाची मर्जी. या व्यवस्थेचे नाव काय?

आपल्या आजोबा-पणजोबांना ते नाव माहीत होते. मुंबई इलाख्यात त्याला महार वतन म्हणत. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ते बांधून ठेवले होते. वतनदार महार घरी नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जावे लागे. बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागायचे बलुते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता. पण येसकरकी इथेही होती आणि भाकरी मागत फिरणेही होते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी आमच्यावर घसरेल. कोड लिहिणाऱ्याची अडचण आणि जातीचा जाच या दोन गोष्टी सारख्या नाहीत. कोड लिहिणारा काम सोडू शकतो, वतनदार महाराला ते सोडता येत नव्हते. कोड लिहिणाऱ्याच्या सावलीचा विटाळ होत नाही. आम्ही तुलना करतो ती फक्त श्रमाच्या मांडणीची. सगळ्यांच्या उपयोगाचे काम, कोणाच्याच पगारपत्रकावर नाव नाही, आणि मोबदला देणाऱ्याच्या लहरीवर. ही मांडणी आपण ओळखायची नाही तर कोणी ओळखायची?

ही एका पोराची गोष्ट नाही

हे फक्त घनसावंगी तालुक्यात घडते असे समजू नका. इंटरनेटवर तुमचा पासवर्ड चोरांच्या हाती लागू नये म्हणून तो गुंतागुंतीच्या रूपात पाठवला जातो. ते काम करणारे ओपनएसएसएल नावाचे खुले सॉफ्टवेअर जगभरच्या असंख्य संकेतस्थळांच्या मुळाशी आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात हार्टब्लीड नावाची मोठी चूक सापडली आणि जग हादरले. तेव्हा कळले की या कामाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. त्याच्या जिवावर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांना तोपर्यंत त्याची आठवणही झाली नव्हती.

दुसरे उदाहरण आणखी वाईट आहे. फाइली लहान करून ठेवणारे एक्सझेड नावाचे सॉफ्टवेअर फिनलंडमधला लास्से कोलिन वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळत होता. काम उशिरा होते म्हणून त्याच्यावर दबाव सुरू झाला. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, प्रकृतीही साथ देत नाही, असे त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिले. तेव्हा मदतीला एक 'भला माणूस' पुढे आला. त्याने दोनेक वर्षे विश्वास कमावला आणि मग सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. २०२४ च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपले कॉम्प्युटर अर्धा सेकंद उशीर का करते अशी शंका आली, म्हणून तो दरवाजा पकडला गेला.

थकलेल्या, एकट्या, बिनपगारी माणसाच्या खांद्यावर जगाचे ओझे टाकले की असे होते. दोष त्याचा नाही, ओझे टाकणाऱ्यांचा आहे.

"हा गोऱ्या इंजिनिअरांचा प्रश्न, आपला काय संबंध?"

वर्गात एका मुलीने हे विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे.

फुकट काम कोण करू शकतो? ज्याच्या घरात आज संध्याकाळच्या भाकरीची चिंता नाही तो. ज्याचे वडील पेन्शनवर आहेत, शहरात स्वतःचे घर आहे, घरात वायफाय आहे, तो नोकरीनंतर चार तास हौसेने कोड लिहू शकतो. ज्याचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ज्याला धाकट्या बहिणीच्या फीचा हप्ता भरायचा आहे, त्याला रात्रीचे चार तास म्हणजे दुसरी मजुरी आहे. म्हणजे 'स्वयंसेवा' नावाच्या दारावर पाटी दिसत नसली तरी कोणाला आत घ्यायचे हे ठरलेले असते.

पुढची गंमत बघा. कंपन्या मुलाखतीत विचारतात, तुमचे ओपन सोर्समधले योगदान दाखवा. ज्याला फुकट राबणे परवडले त्याच्याकडे दाखवायला असते, ज्याला परवडले नाही त्याच्याकडे नसते. मग पहिल्याला 'मेरिट' म्हणतात आणि दुसऱ्याला 'कोटा'. पिढ्यान्‌पिढ्यांची शिल्लक अशी गुणवत्ता बनून समोर येते. समाजशास्त्राच्या पुस्तकात आम्ही याला सांस्कृतिक भांडवल म्हणायला शिकलो. वस्तीच्या भाषेत त्याला 'घरचं असणं' म्हणतात.

म्हणून हे काम सांभाळणाऱ्याला पगार मिळणे हा आपला प्रश्न आहे. जिथे पगार असतो तिथे आपली पोरे रांगेत उभी राहू शकतात. जिथे सगळे हौसेवर चालते तिथे हौस परवडणारेच राहतात.

मग कुलूप का नको?

इथे आम्ही कुलूपवाल्या मित्रांकडे वळतो. त्यांचा राग खरा आहे. उपाय खोटा आहे.

या पोराने सॉफ्टवेअर लिहिले तेच मुळात कशासाठी? कुलूप लावलेल्या फॉन्टमुळे. तो फॉन्ट चालवायला कॉम्प्युटरला एक डोंगल खोचावे लागे. डोंगल हरवले, दुकान बंद पडले, कॉम्प्युटर बदलला, की आपलाच मजकूर आपल्याला परका. शब्द आपले, चावी दुसऱ्याची. एका कुलपाने चळवळीच्या वीस वर्षांच्या फाइली मुक्या केल्या, त्यावर उपाय म्हणून दुसरे कुलूप लावायचे?

आणि कुलपाने अडते कोण? 'धंद्यासाठी वापर नको' अशी अट घातली समजा. चौकातला डीटीपीवाला पानाला वीस रुपये घेतो, तो धंदा. आम्ही विशेषांक ५० रुपयांना विकतो, तोही धंदा. वस्तीतला शिक्षक शिकवणीच्या नोट्स छापतो, तोही धंदा. कायद्याची भाषा न समजणारे हे सगळे भीतीने बाजूला होतील. मोठी कंपनी मात्र वकील बसवील, नाहीतर स्वतःची वेगळी आवृत्ती काढील.

हे अंदाजाने म्हणत नाही, घडले आहे. इलास्टिक कंपनीने २०२१ मध्ये आपल्या शोध-सॉफ्टवेअरचा परवाना आवळला. रोख अॅमेझॉनवर होता. अॅमेझॉनने त्याच वर्षी आधीच्या खुल्या कोडवरून ओपनसर्च नावाची स्वतःची आवृत्ती काढली. रेडिसने २०२४ च्या मार्चमध्ये परवाना आवळला, तर त्याच महिन्यात जुन्या कोडवरून वाल्की उभे राहिले, मोठ्या कंपन्यांच्या पाठबळासह. शेवटी इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये पुन्हा खुल्या परवान्याची वाट धरली. हत्ती कुंपण तोडून गेला, अडकली ती शेरडे.

एक फरक इथे नीट समजून घ्या. जीपीएलसारखा परवानाही अट घालतो. पण त्याची अट अशी की तुला जे मोकळे मिळाले ते बदलून पुढे देताना मोकळेच दे. पाणवठा कोणी आपल्या वाड्यात वळवून घेऊ नये म्हणून केलेला तो नियम आहे. त्याला आमचा विरोध नाही. आमचा विरोध कोणी पाणी प्यावे आणि कोणी पिऊ नये हे ठरवणाऱ्या अटीला आहे. चवदार तळ्याच्या वारसांनी तरी पाणवठ्याला कुलूप लावण्याची भाषा करू नये.

मोकळे केले म्हणजे झाले, असेही नाही

बाबासाहेबांच्याच ग्रंथांचे उदाहरण घ्या. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा पहिला खंड १९७९ मध्ये काढला. निधनानंतर ६० वर्षे हा भारतातला कॉपीराइटचा नियम आहे, त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ च्या सुरुवातीला मोकळे झाले. कुलूप गेले. म्हणून खंड घराघरांत पोहोचले का? खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

यातला धडा सरळ आहे. मोकळीक हक्क देते, पण काम माणसे करतात. छपाई, मुद्रितशोधन, स्कॅनिंग, चुकांची दुरुस्ती हे सगळे कोणीतरी रोज करावे लागते. त्या रोजच्या कामाला निधी आणि जबाबदार माणूस नसेल तर मोकळा ग्रंथसुद्धा गोदामात पडतो. सॉफ्टवेअरचेही तेच. परवाना मोकळा ठेवणे ही अर्धी लढाई. सांभाळणाऱ्याला पगार देणे ही उरलेली अर्धी.

पैसा आणायचा कुठून?

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातली एक तरतूद आजच्या पोरांनी पाठ करावी अशी आहे. बलुते दारोदार मागायचे नाही. त्याऐवजी त्याचे रोख रकमेत रूपांतर करावे, ती रक्कम सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करावी आणि काम करणाऱ्याला द्यावी. विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. पण विचार बघा. बाबासाहेबांनी गावाचा रस्ता अडवायला सांगितले नाही आणि सेवाभावाने राबायलाही सांगितले नाही. काम सार्वजनिक आहे तर मोबदलाही सार्वजनिक, नियमित आणि रोख असला पाहिजे, कोणाच्या दारात हात न पसरता.

आज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या पानावर 'मला एक कॉफी पाजा' असे बटण असते. ते डिजिटल बलुतेच आहे. दया आली तर मिळेल. आम्हाला कॉफी नको, पगार हवा.

असा पगार देता येतो याची उदाहरणे आहेत. जर्मनीच्या सरकारने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड उभा केला. सरकारी पैशातून खुल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीला निधी मिळतो आणि सॉफ्टवेअर सगळ्या जगासाठी खुलेच राहते. आपल्या देशात बेंगळुरूच्या झेरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलरचा. मुंबईची फ्राप्पे कंपनी ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्यावर देते. कोणीही फुकट उतरवून घ्यावे. पैसे ती सर्व्हर चालवून देण्याचे आणि सेवेचे घेते. मराठी अक्षरांचेही तसेच. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' खुल्या परवान्यावर आहे, रेड हॅटने दिलेला 'लोहित' खुला आहे. गूगल फॉन्ट्सने अनेक भारतीय अक्षरकारांना पैसे देऊन फॉन्ट करवून घेतले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. घडवणाऱ्याला दाम मिळाला आणि वापरणाऱ्याला कुलूप लागले नाही.

पण इथे एक सावधगिरी. आपल्या भागातल्या माणसाला उचल म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. मुकादम आधी पैसे देतो आणि मग हंगामभर माणूस त्याचा. एकाच कंपनीच्या पैशावर जगणारा सॉफ्टवेअरवालाही असाच बांधला जातो. आज निधी, उद्या हुकूम, परवा कंपनीचे मन बदलले की निधी बंद. म्हणून निधी अनेकांचा हवा, हिशेब उघडा हवा आणि निर्णय काम करणाऱ्याचा हवा. आम्ही मागतो तो मेहनताना, उचल नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण काढले. चांगले केले. आता वापरता तर पोसाही. सरकारी पोर्टलच्या प्रत्येक कंत्राटात, त्यात वापरलेल्या खुल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी ठराविक टक्का बाजूला काढा. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर नफ्याचे २ टक्के खर्च करायला लावले आहे. त्या कामांच्या यादीत सार्वजनिक सॉफ्टवेअरची देखभाल स्पष्ट शब्दांत घाला. पुण्याची बार्टी पीएच.डी.ला अधिछात्रवृत्ती देते. तशीच एक वृत्ती खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या तरुणांना द्या. मग बघू 'मेरिट' कोणाचे ते.

आणि आपण?

सरकारकडे बोट दाखवून आम्हाला सुटता येणार नाही. १९२७ मध्ये सुरू झालेला 'बहिष्कृत भारत' बाबासाहेब स्वतः रकानेच्या रकाने लिहून, कसलाही मोबदला न घेता चालवत होते. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांना अग्रलेख लिहावा लागला, त्याचे शीर्षकच प्रश्न होते: 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' समाजाने त्या प्रश्नाला पुरेसे उत्तर दिले नाही. १९२९ मध्ये पत्र बंद पडले. बाबासाहेबांचे पत्र आपण जगवू शकलो नाही ही लाज पुरेशी नाही का? पुन्हा तेच करायचे?

मागच्या जयंतीला आमच्या मंडळाने डीजेला ४०,००० रुपये मोजले. आम्हीही त्या बैठकीला होतो आणि गप्प बसलो, हेही कबूल करतो. त्याच महिन्यात या पोराच्या लॅपटॉपची बॅटरी गेली होती आणि तो चार्जर लावूनच काम करत होता. लाइट गेली की काम बंद. आपल्या इतिहासाच्या फाइली वाचवणारा माणूस लाइटची वाट बघत बसला होता आणि आपण त्याच्या नावाचे आडनाव चुकवत होतो.

बाबासाहेबांनी धम्मदीक्षेनंतर उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितले. आम्ही मंडळापुढे एवढाच ठराव ठेवला आहे की जयंतीच्या वर्गणीचा विसावा भाग आपण वापरत असलेल्या खुल्या सॉफ्टवेअरच्या माणसांना द्यायचा. देणगी म्हणून नव्हे, बिल म्हणून, पावती घेऊन. जालना-परभणीतल्या ज्या डीटीपीवाल्यांनी, प्रकाशकांनी त्याचे सॉफ्टवेअर घेतले त्यांच्याकडेही आम्ही यादी घेऊन जाणार आहोत. महिन्याला शंभर-दोनशे रुपये. नाही म्हणणाऱ्याचे सॉफ्टवेअर बंद होणार नाही. पण रात्री अकराला मेसेज करण्याचा हक्क त्याला राहणार नाही. कोड सगळ्यांचा आहे, माणसाची रात्र त्याची स्वतःची आहे.

पोराने अजून परवाना बदललेला नाही. तो म्हणाला, "दादा, तीन महिने बघतो." त्यातला एक महिना गेला. ठराव अजून मंजूर झालेला नाही, डीजेवाल्याची मात्र आगाऊ विचारणा सुरू झाली आहे.

उद्या त्याने कुलूप लावले तर त्याला गद्दार म्हणू नका. ते कुलूप त्याच्या हाताने लागेल, पण चावी आपण हरवलेली असेल.

जय भीम!